दुसऱ्या सर्व्हिसबद्दल विचारा

प्रकट मुलाखत हा मराठी माणसाचा जुना आवडता कार्यक्रम, आणि इंदूरच्या मराठी मंडळींनी तो पुण्या-मुंबईइतक्याच प्रेमानं जपला आहे. गायक येतात, नट येतात, लेखक येतात आणि श्रोते दोन-दोन तास जागचे हलत नाहीत. गाणाऱ्याला काय विचारायचं हे इथं सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. कोणता राग कोणाकडे घोटला, पट्टी कोणती, आवाज बसला तेव्हा रियाज कसा बदलला, असे प्रश्न पहिल्या तीन रांगांमध्ये तयारच असतात. पण पाहुणी निवृत्त टेनिसपटू असली की तेच श्रोते आणि तोच मुलाखतकार एकदम परके होऊन जातात. टेनिसकडे कशा वळलात? घरच्यांचा पाठिंबा होता का? जिंकल्यावर काय वाटलं? नव्या पिढीला काय संदेश द्याल? या चार प्रश्नांची उत्तरं तिनं विमानतळावर, सत्कारांत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत इतक्यांदा दिलेली असतात की ती आपोआप तोंडातून बाहेर पडतात. त्यात खोटं काही नसतं. फक्त त्या वेळी ती काही आठवत नसते.

तिला आठवायला लावायचं असेल तर गायकाला जसं रियाजाबद्दल विचारतो तसंच तिला कामाबद्दल विचारायला हवं. हात कुठे होता, पाय कुठे होते, नजर कशावर होती, गुण किती झाले होते. भावना त्या उत्तरांतून आपसूक येते, आणि ती आली की थोपवता येत नाही. थेट भावनेलाच हात घातला तर मात्र ठरीव वाक्य मिळतं.

निवृत्त खेळाडूशी बोलण्यात एक मोठी मोकळीक आहे. खेळत असताना खांदा दुखतोय हे सांगायची सोय नसते, कारण पुढच्या आठवड्यातली प्रतिस्पर्धी ते वाचते आणि सगळे चेंडू खांद्याच्या वर उडतील असे मारते. ब्रेक पॉइंट वाचवताना, म्हणजे स्वतःच्या सर्व्हिसचा गेम एका गुणानं जायची वेळ आली असताना, आवडती सर्व्हिस शरीरावर की कोपऱ्यात, हेही सांगता येत नाही. निवृत्तीनंतर लपवायला समोर कोणी उरत नाही. वीस वर्षं कुलूपबंद ठेवलेलं सगळं आता सांगता येतं, पण ते कोणी विचारत नाही, आणि याची मला खरोखर हळहळ वाटते.

तयारी आकड्यांपासून सुरू करावी, कारण परिचयातच पहिली चूक होते. सानिया मिर्झाच्या नावावर सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदं आहेत, आणि सहाही दुहेरीतली. मिश्र दुहेरीची तीन: महेश भूपतीबरोबर २००९ ची ऑस्ट्रेलियन आणि २०१२ ची फ्रेंच, ब्रूनो सोआरेसबरोबर २०१४ ची अमेरिकन. महिला दुहेरीची तीन मार्टिना हिंगिसबरोबर: २०१५ ची विम्बल्डन आणि अमेरिकन, २०१६ ची ऑस्ट्रेलियन. २००३ चं विम्बल्डन विजेतेपद मुलींच्या दुहेरीतलं, म्हणजे कनिष्ठ गटातलं. ते या सहात धरायचं नाही. क्रमवारीत ती एप्रिल २०१५ मध्ये दुहेरीत पहिली झाली. एकेरीत तिची सर्वोत्तम जागा २००७ मधली, सत्तावीसावी. एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी यांची सरमिसळ करून 'विम्बल्डन विजेती, जगात पहिली' असं ठोकून दिलं की टाळ्या पडतात. पाहुणी मंचावर दुरुस्ती करत नाही, हसून सोडून देते. पण समोरच्याला तपशिलाशी देणंघेणं नाही हे तिला त्याच क्षणी कळतं, आणि पुढचा दीड तास तीही तपशील देत नाही.

आकड्यांनंतर सामने. पाहुणीच्या कारकिर्दीतले तीन सामने निवडावेत: एक सगळ्यांना माहीत असलेला, एक पहिल्या-दुसऱ्या फेरीतच हरलेला, आणि एक अगदी सुरुवातीचा, छोट्या गावातल्या रिकाम्या बाकांसमोरचा. तिन्हींचे गुणफलक मोठ्या अक्षरांत छापून तिच्या हातात द्यावेत. ६-२, ६-७, २-६ असा फलक हातात आला की खेळाडूची नजर त्या मधल्या सातावर, म्हणजे सहा-सहा बरोबरीनंतरच्या टायब्रेकमध्ये गेलेल्या सेटवर, थांबते. "दुसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये काय झालं?" एवढंच विचारावं आणि गप्प बसावं. हे गप्प बसणं मुलाखतकाराला सर्वांत अवघड जातं. दोन गुणांच्या मध्ये वीस-पंचवीस सेकंद घेऊन विचार करण्यात या बाईंचं आयुष्य गेलेलं असतं; पाच-सात सेकंदांची शांतता तिला अजिबात जड वाटत नाही. जड वाटते ती आपल्याला, आणि मग आपणच घाईनं उत्तर सुचवून मोकळे होतो.

आता दुसरी सर्व्हिस. मला एकच प्रश्न विचारायची परवानगी मिळाली तर मी हा विचारीन: "बरोबरीवर, पहिली सर्व्हिस जाळ्यात गेल्यावर, दुसरीचा टॉस कुठे टाकायचात?"

कारण असं. टेनिसमधला हा एकच फटका सर्वस्वी खेळाडूच्या हातात असतो. चेंडू स्वतःच वर टाकायचा, हाच टॉस, आणि स्वतःच मारायचा. पहिली चुकली तर दुसरी संधी मिळते, पण दुसरी चुकली तर गुण गेला. जाळं मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर उंच, आणि चेंडू पडायला हवा तो जाळ्यापलीकडच्या ६.४० मीटर लांबीच्या चौकोनात. जोरात आणि सरळ मारला तर तिथं बसत नाही, म्हणून त्याला फिरकी द्यावी लागते. उजव्या हाताची खेळाडू त्यासाठी टॉस थोडा मागे, डोक्यावर किंवा किंचित डावीकडे घेते. रॅकेट चेंडूच्या पाठीवरून घासत जाते, घड्याळाच्या आठवरून दोनकडे. फिरकीमुळे चेंडू उंचावरून जाळं पार करतो आणि मग झपकन खाली येतो. ही फिरकी हाताच्या वेगातून येते. म्हणजे दुसरी सर्व्हिस सुरक्षित करायची तर हात जोरात फिरवावा लागतो, आणि भीती वाटली की माणूस नेमकं उलटं करतो. हात आखडतो, टॉस खाली आणि पुढे पडतो, कोपर लवकर उतरतं, रॅकेट चेंडू घासण्याऐवजी त्याला नुसती ढकलते. फिरकी नाही म्हणून चेंडू खाली येत नाही आणि रेषेबाहेर जातो. किंवा टॉसच खाली म्हणून जाळ्यात.

१९९३ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात याना नोव्होत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ पुढे होती. स्वतःची सर्व्हिस, ४०-३०. एक गुण आणि ५-१. तिथं तिची दुहेरी चूक झाली, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या, आणि ग्राफनं तो सेट ६-४ घेऊन सामना जिंकला. बक्षीस समारंभात ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडणारी नोव्होत्ना सगळ्या जगानं पाहिली. पाच वर्षांनी, १९९८ मध्ये, तिनं तेच विजेतेपद मिळवलं. नोव्होत्ना २०१७ मध्ये गेली. त्या रडण्याबद्दल तिला अनेकांनी विचारलं असेल. त्या टॉसबद्दल, आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत टॉसवर तिनं काय काम केलं याबद्दल, मला वाचायला आवडलं असतं.

हा प्रश्न आपल्या पाहुणीला विचारला की बहुधा ती उठून उभी राहते. म्हणून मंचाची मांडणी आधीच तशी हवी. हात नसलेल्या खुर्च्या, शेजारी दोन-अडीच मीटर मोकळी जागा, आणि टेबलावर एक रॅकेट. मुठीचं माप आधी फोनवर विचारून घ्यावं. ज्या मुठीवर बोटं नीट बसत नाहीत ती रॅकेट खेळाडू दोन मिनिटांत खाली ठेवते. हातात धरायचा माइक अजिबात नको, कारण तिचे हातच तर बोलणार आहेत. डोक्यावर बसणारा माइक सर्वांत उत्तम. कॉलर माइकच असेल तर खेळत्या हाताच्या विरुद्ध बाजूला लावावा. नाहीतर टॉस दाखवून रॅकेट फिरवताना कापड घासतं आणि नेमकं तेच वाक्य खरखरीत बुडतं.

रॅकेट हातात आली की तारांबद्दल विचारायचं. "किती पौंडांवर ओवून घ्यायचात?" ऐकायला हा प्रश्न रूक्ष वाटतो, पण त्यातून पूर्ण कारकीर्द उलगडते. साधारण पन्नास ते साठ पौंडांच्या दरम्यान ताण असतो. ताण जास्त तर चेंडूवर ताबा जास्त आणि हाताला हादराही जास्त. ताण कमी तर चेंडू जास्त उडतो, पण तो कुठं पडेल याचा भरवसा कमी. उन्हात चेंडू उडायला लागला की एखाद-दोन पौंड वाढवायचे, थंडीत उतरवायचे. मोठ्या खेळाडूच्या बॅगेत सहा-आठ रॅकेटी असतात, आणि चेंडू बदलले की अनेकजणी रॅकेटही बदलतात: पहिला बदल सात गेमनंतर, मग दर नऊ गेमनंतर. पण चौदाव्या वर्षी, दोनच रॅकेटी असताना, सामन्याच्या मध्यावर एकीची तार तुटली तर? त्या गावात तारा ओवणारा कोण होता, त्याची मशीन होती का, पैसे कोण देत होतं? घरच्यांच्या पाठिंब्याचं खरं उत्तर इथं मिळतं.

पाहुणी जुन्या पिढीची असेल तर लाकडी रॅकेटबद्दल विचारावंच. दमट हवेत ती वाकू नये म्हणून चार स्क्रूंच्या चौकटीत आवळून ठेवावी लागे. आतड्याच्या तारांना पाऊस सोसत नसे. रॅकेटीचं तोंड आजच्या मानानं फार लहान आणि वजन मात्र जास्त, त्यामुळे चेंडू अगदी मधोमध लागला नाही तर मनगटच पिरगळल्यासारखं होई. निरुपमा मांकड, पूर्वाश्रमीच्या निरुपमा वसंत, १९७१ मध्ये आनंद अमृतराजबरोबर विम्बल्डनच्या मिश्र दुहेरीत मुख्य फेरीत उतरल्या त्या याच काळात. लाकडावरून धातूवर आणि मग ग्रॅफाइटवर जाताना कोणता फटका हरवला, हे त्या पिढीतली खेळाडूच सांगू शकते.

कोर्टाबद्दल विचारताना इंदूरकरांनी आपली जमीन आठवावी. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. तिच्यावर सरळ कोर्ट केलं तर पहिल्याच उन्हाळ्यात भेगा पडतात. म्हणून काळी माती खोदून काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा, उतार राखायचा, आणि मग वरचा थर. आपल्या देशात कितीतरी मुलींनी पहिली रॅकेट धरली ती मातीच्या किंवा शेणानं सारवलेल्या कोर्टावर. तिथं चेंडू खाली राहतो, एखादा खड्यावरून भलतीकडे उडतो. त्यावर शिकलेली मुलगी पंधराव्या वर्षी पहिल्यांदा सिमेंटच्या हार्ड कोर्टावर जाते तेव्हा चेंडू खांद्यापर्यंत येतो, आणि तिची पकड, पावलं, मागे जाण्याचं अंतर सगळंच चुकतं. "पहिल्या हार्ड कोर्टानंतर पकड बदलली का? किती महिने लागले? त्या काळात कोणाकोणाकडून हरलात?" पकड बदलणं म्हणजे तळव्याखालची मूठ पाव इंच फिरवणं. तेवढ्यानं आठवडेच्या आठवडे प्रत्येक फटका परका होतो, आणि त्याच काळात क्रमवारीही घसरते. हे दिवस कोणी विचारत नाही म्हणून कुठंच नोंदले गेलेले नाहीत.

दुहेरी हा विषय मला सर्वांत समृद्ध वाटतो, आणि मुलाखतींत त्याची बोळवण 'जोडीदाराबरोबर जमलं छान' एवढ्यावर होते. जाळ्याजवळची खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करते: सर्व्हिस कुठे टाक, आणि मी आडवी जाणार की जागेवर राहणार. मागची 'हो' म्हणते किंवा खूण बदलायला लावते. जाणार म्हटल्यावर ती गेलीच पाहिजे. अर्ध्यात थांबली तर दोन्ही बाजू मोकळ्या पडतात. मधून जाणारा चेंडू कोणाचा, डोक्यावरून उंच गेलेला कोणी घ्यायचा, दोघींनी एकदम 'माझा' म्हटलं तर काय, हे सगळं आधी ठरलेलं असावं लागतं. शिवाय टूरवरच्या दुहेरीत चाळीस-चाळीसवर एकच निर्णायक गुण असतो, आणि सर्व्हिस परतवणारी जोडी ठरवते की ती दोघींपैकी कोणी परतवायची. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. म्हणजे विचार करायला वेळच नाही. "निर्णायक गुणावर सर्व्हिस कोण परतवणार हे कसं ठरायचं? ज्या दिवशी जोडीदार घाबरलेली दिसायची त्या दिवशी ते कोण आणि कसं बोलून दाखवायचं?"

हिंगिस-मिर्झा जोडीनं २०१५-१६ मध्ये सलग ४१ सामने जिंकले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये जोडी फुटली आणि त्याच महिन्यात सिनसिनाटीच्या अंतिम फेरीत दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. सानियाबरोबर बार्बोरा स्ट्रिकोव्हा, हिंगिसबरोबर कोको वांडवेघे. सानियाची जोडी जिंकली. भांडण का झालं हा प्रश्न इथं फार जणांच्या ओठांवर येतो. त्याचं उत्तर मिळत नाही, आणि मिळायचं कारणही नाही. पण "जिला तुमच्या सगळ्या खुणा पाठ, तिच्यासमोर पहिल्या गेममध्ये सर्व्हिस कुठे टाकलीत?" असं विचारलं तर ती भांडणाहून खूप मोठं काहीतरी सांगू शकते.

शरीराबद्दलचे प्रश्न आपल्याकडे टाळले जातात आणि त्यात खेळाडूवरच अन्याय होतो. मासिक पाळीच्या दिवशी सामना आला तर काय? २०२२ च्या फ्रेंच स्पर्धेत झेंग छिनवेननं इगा श्वियाँतेकविरुद्ध पहिला सेट जिंकल्यावर पोटातल्या कळांमुळे खेळणं कसं अवघड झालं ते उघडपणे सांगितलं. विम्बल्डननं पांढऱ्या कपड्यांच्या नियमात सवलत देऊन आत गडद रंगाची शॉर्ट घालायची मुभा दिली ती २०२३ मध्ये. त्याआधीच्या पिढ्यांनी सामना, कळ आणि पांढऱ्या कापडाची धास्ती एकाच वेळी सांभाळली. हा प्रश्न सभेत विचारण्याआधी तिला फोनवर विचारून घ्यावा. ती हो म्हणाली तर सरळ, नेहमीच्या आवाजात, कामाचा प्रश्न म्हणून विचारावा: वेळापत्रक कसं आखायचात, प्रशिक्षक पुरुष असेल तर त्याला सांगायचात का, त्या दिवशी डावपेच बदलायचे का. सभेत मुली बसलेल्या असतात. त्यांना हे उत्तर हवं असतं आणि विचारायला त्या उठणार नाहीत.

बाळंतपणाचंही तसंच. 'आई आणि खेळाडू या दोन्ही भूमिका कशा पेलल्यात' हे विचारून काही हाती लागत नाही. सर्व्हिसचा जोर पायांतून कमरेत आणि पोटाच्या स्नायूंतून खांद्यात चढतो. बाळंतपणानंतर मधली ही साखळीच सैल झालेली असते. "परतल्यावर कोणता फटका सर्वांत शेवटी परत आला?" असं विचारावं. किम क्लायस्टर्स २००९ मध्ये वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर, येऊन अमेरिकन विजेतेपद घेऊन गेली. सानियानं जानेवारी २०२० मध्ये परतताच होबार्टला नादिया किचेनोकबरोबर दुहेरी जिंकली. फोटोत मूल आणि चषक दिसतो. त्याआधीचे सरावाचे महिने दिसत नाहीत, आणि विचारायचे ते तेच.

पैशांबद्दल विचारायला लाजू नये. १९७० मध्ये बिली जीन किंग आणि आणखी आठ जणींनी एकेका डॉलरचा करार करून स्वतंत्र स्पर्धांची वाट धरली. १९७३ मध्ये अमेरिकन स्पर्धेनं स्त्री-पुरुषांना समान बक्षीस दिलं. विम्बल्डनला त्यासाठी २००७ उजाडावं लागलं. हा इतिहास पाहुणीला पाठ असतो, तो आपण तिला ऐकवू नये. तिला विचारावं ते खालच्या पायरीचं. आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, सर्वांत छोट्या स्पर्धेत एकूण बक्षीस पंधरा हजार डॉलर असतं, आणि एकेरीच्या विजेतीच्या हातात अडीच हजारही येत नाहीत. पहिल्या फेरीत हरणारीला मिळतात त्यात हॉटेलही भागत नाही. इंदुरातही आयटीएफच्या स्पर्धा झाल्या आहेत. बाहेरून आलेल्या खेळाडू तारा ओवण्याचे, टॅक्सीचे, जेवणाचे पैसे मोजत इथं राहून गेल्या आहेत. "कोणत्या वर्षी पहिल्यांदा खर्चापेक्षा बक्षीस जास्त झालं? तोवर प्रशिक्षकाला बरोबर न्यायचं की नाही हे कसं ठरवायचात?"

पुरुष खेळाडूंशी तुलना, लग्न, दिसणं आणि कपडे यांवरचे प्रश्न सोडून द्यावेत. त्यांवर जास्त लिहायचीही गरज नाही.

निवृत्तीबद्दल मात्र सावकाश बोलावं. ग्राफनं १९९९ मध्ये फ्रेंच स्पर्धा जिंकली आणि दोन-अडीच महिन्यांत खेळ सोडला. जस्टिन एनाँ २००८ मध्ये आणि अॅश बार्टी २०२२ मध्ये, दोघीही क्रमवारीत पहिल्या असताना थांबल्या. बार्टी तेव्हा पंचवीस वर्षांची होती. नवरातिलोव्हा उलट पन्नाशीला टेकेपर्यंत खेळली आणि २००६ मध्ये बॉब ब्रायनबरोबर अमेरिकन मिश्र दुहेरी जिंकून गेली. 'का सोडलंत' याला सगळ्यांकडे तयार उत्तर असतं. त्याऐवजी मी हा प्रश्न सुचवीन. उत्तेजक चाचणीच्या नोंदणीकृत गटातल्या खेळाडूला वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस रोज एक तास कळवावा लागतो: अमुक वाजता अमुक ठिकाणी मी सापडेन. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या तर तो नियमभंग ठरतो. लग्नाच्या दिवशी, आजारपणात, आईच्या घरी, कुठंही असो, तो तास कळवायचाच. निवृत्तीचं पत्र लेखी द्यावं लागतं, आणि पुन्हा खेळायचं मनात आलं तर आधी सहा महिने चाचणीसाठी उपलब्ध राहावं लागतं. म्हणून विचारावं: "ते पत्र कुठे बसून लिहिलंत? आणि तो तास कळवायचं बंद झालं त्या पहिल्या सकाळी किती वाजता उठलात?"

दीड तासाच्या मुलाखतीत असे दहा-बारा प्रश्न पुरतात. त्याहून जास्त लिहून नेले तर मुलाखतकार उत्तर न ऐकता पुढच्या चिठ्ठीकडे बघतो. शेवटची पंधरा-वीस मिनिटं श्रोत्यांची. इंदुरात मराठीतून सुरू झालेली सभा इथं हमखास हिंदीत शिरते. शिरू द्यावी, पाहुणी हैदराबादची किंवा चेन्नईची असेल तर तिचीही सोय होते. चिठ्ठ्या आधी घ्याव्यात. दर सभेत एक पालक असतोच: माझी मुलगी आठ वर्षांची आहे, टेनिसमध्ये घालू का? याला पाहुणी 'आवड असेल तर घाला' असं म्हणून मोकळी होते. मुलाखतकारानं तो प्रश्न वळवून द्यावा: "ताई, आठव्या वर्षी तुमचा आठवडा कसा होता? किती दिवस कोर्ट, किती वेळ, आणि चेंडू कोणता?" चेंडूचा प्रश्न महत्त्वाचा आहे. दहा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा चेंडू वापरायचा नाही हा नियम २०१२ पासून आहे. लाल, नारिंगी आणि हिरव्या ठिपक्याचे मंद चेंडू असतात. आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून जाणारा चेंडू तिला रोज मारायला लावला तर पकड वाकडी बसते आणि खांदा दुखतो. त्या पालकाला घरी जाताना एवढं समजलं तर त्याची चिठ्ठी कामी आली.

ध्वनिमुद्रण दोन यंत्रांवर करावं, एक माइकच्या ओळीतून आणि एक टेबलावर स्वतंत्र. नंतर सगळं शब्दशः उतरवून काढावं, गुण आणि वर्षं गुणफलकांवरून ताडून घ्यावीत, आणि मजकूर तिच्याकडे तपासायला पाठवावा. पुष्कळदा खरी भर तिथं पडते. समासात ती लिहिते, 'हा टॉस पुढे नव्हता, उलट मागे गेला होता, म्हणूनच चुकला.' ती प्रत मराठी ग्रंथालयात ठेवावी, फक्त फोनमध्ये नव्हे. १९३४ मध्ये, म्हणजे इंदुरात यशवंत क्लबची स्थापना झाली त्याच वर्षी, लीला राव यांनी विम्बल्डनला एकेरीतला सामना जिंकला. असा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्या आई पंडिता क्षमा राव संस्कृतच्या विदुषी, आणि टेनिसही खेळायच्या. आई मुलीला सर्व्हिस शिकवत होती का, नऊवारीत की पाचवारीत खेळायच्या, बोटीच्या प्रवासात सराव कसा टिकवला, इंग्लंडच्या ओल्या हिरवळीवर पहिल्या दिवशी पाय किती घसरले, हे सगळं विचारायचं राहिलेलं आहे, आणि त्यांना आता विचारता येत नाही. निरुपमा वैद्यनाथन यांना येतं. १९९८ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मुख्य फेरीतला पहिला सामना त्यांनी जिंकला, इटलीच्या ग्लोरिया पिझिकिनीविरुद्ध. त्या सामन्यात दुसऱ्या सर्व्हिसचा टॉस कुठे पडत होता, हे विचारायला कोणी तरी बोलवायला हवं.